रशियन ग्रामीण निसर्गचित्रे पाहताना या चुका टाळा

चित्र नीट पाहण्याआधीच प्रतीकांची यादी काढून बसणे, ही चूक मला सर्वाधिक आढळते आणि सर्वाधिक खटकते. बर्चचे झाड म्हणजे रशिया, चर्च म्हणजे श्रद्धा, करडे आभाळ म्हणजे दुःख, अशी समीकरणे एकदा पाठ झाली की डोळ्यांना कामच उरत नाही. एका रसग्रहण शिबिरात रशियन चित्रकार अलेक्सेई साव्रासोव यांचे १८७१ सालचे ‘रूक पक्षी परतले’ (रूक म्हणजे कावळ्यासारखा काळा पक्षी) हे चित्र पडद्यावर लावले होते. एका हुशार विद्यार्थ्याने करडे आभाळ, काळे पक्षी आणि वाकडी झाडे यांच्या आधारे मृत्यू व ओसाडपणा यांवर अस्खलित विवेचन केले आणि सर्वांनी माना डोलावल्या. मी त्याला पडद्याजवळ बोलावले. खाली एक रूक चोचीत काटकी धरून आहे, वर फांद्यांत घरटी आहेत, बर्फ मळून विरघळू लागला आहे आणि त्यावर बर्चच्या फिकट सावल्या आहेत, म्हणजे ऊन पडले आहे. चित्रातल्या मोल्वितिनो गावात वसंत येऊ घातला आहे. चित्रात उदासी नाही असे नाही. पण ती सरत्या हिवाळ्याची आहे. म्हणून मी आधी प्रकाश कुठून येतो, मग ऋतू कोणता, मग माणूस कुठे आहे, एवढेच विचारते आणि तोवर ‘प्रतीक’ हा शब्द कोणाला उच्चारू देत नाही.

याच्या उलट चूक म्हणजे इतिहास न वाचता ‘चित्राने स्वतःच बोलावे’ असा हट्ट धरणे. साव्रासोव यांचे शिष्य इसाक लेवितान यांच्या ‘व्लादिमिरका’ (१८९२) या चित्रातील रस्त्याला आयुष्याचा प्रवास म्हणून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. याच रस्त्याने कैद्यांना सायबेरियाकडे पायी नेले जाई. चित्रात एकही कैदी नाही. रस्त्यालगत पावलांनी पडलेल्या पायवाटा, वर दाटलेले आभाळ आणि वाटेवरच्या स्मृतिस्तंभापाशी थांबलेली एकटी स्त्री, एवढेच आहे. ज्याला कैद्यांची हकिकत ठाऊक नाही, त्याला त्या पायवाटा केवळ पायवाटाच दिसतात. दोन पाने वाचण्याचा कंटाळा करून रसिक होता येते, असे मला वाटत नाही.

लेवितान खिन्न स्वभावाचे होते, म्हणून त्यांचे प्रत्येक चित्र खिन्न ठरवू नये. ‘मार्च’ आणि ‘सोनेरी शरद’ ही दोन्ही १८९५ सालची चित्रे उजेडाने भरलेली आहेत.

चित्रातील जागा नकाशावर शोधत बसू नये. फ्योदोर वासिल्येव यांनी ‘ओले कुरण’ (१८७२) क्रिमियातील याल्टा येथे आजारपणात, उत्तरेकडील निसर्ग आठवून रंगवले.

आणि मोबाइलवरच्या प्रतिमेवरून भावाचा निवाडा करू नये. लेवितान यांचे ‘चिरंतन शांततेवर’ (१८९४) हे चित्र १५० बाय २०६ सेंटिमीटरचे आहे. छोट्या पडद्यावर त्यातील चर्चच्या खिडकीतला दिवा हरवतो आणि मग लोक या चित्रात केवळ निराशा आहे असे लिहितात. दुसरा उपाय नसेल, तर निदान तेवढा भाग मोठा करून पाहावा.