तडजोड झाली, पण केस तशीच? या चुका टाळा

भांडण दोघांचं असतं, पण एफआयआर नोंदला गेला की खटला 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असा होतो. त्यामुळे दोन्ही घरांनी मिटवलं, मध्यस्थांनी चहा घेतला, तरी खटला जागचा हलत नाही. तो संपवायला कोर्टाचा आदेशच लागतो, आणि कोणत्या कोर्टाचा हे कलमावर ठरतं. पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात "आमचं मिटलंय हो, तरी तारखा का पडतायत?" असं विचारणारे रोज भेटतात. त्यातले बहुतेक खालीलपैकी कुठल्या ना कुठल्या चुकीत अडकलेले असतात.

पोलीस ठाण्यात अर्ज देऊन मोकळं होणं

पाचशेच्या स्टँप पेपरवर "आमचा वाद आपसात मिटला, माझी आता काही तक्रार नाही" असं लिहायचं, नोटरी करायची, ठाण्यात देऊन पोच घ्यायची. तपास अधिकारी तो कागद फाइलला लावतात आणि दोषारोपपत्र ठरल्याप्रमाणे कोर्टात जातं. दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा गुन्ह्यात फिर्याद मागे घेऊ द्यायचा अधिकार पोलिसांना नाही, त्यामुळे साहेब ओळखीचे असले तरी उपयोग नाही. म्हणून आधी हातातला कागद नीट पाहा. त्यावर एनसी नंबर असेल, म्हणजे तक्रार अदखलपात्र असेल, तर प्रकरण सहसा तिथेच थांबतं. गु.र.नं., म्हणजे एफआयआरचा गुन्हा रजिस्टर नंबर असेल तर कोर्टाशिवाय गत्यंतर नाही.

याच कागदात काही जण उत्साहाने "मी रागाच्या भरात खोटी तक्रार दिली" असंही लिहून देतात. हे कधीही करू नका. खोटी माहिती देणं, खोटा आरोप करणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 217 आणि 248 खाली स्वतंत्र गुन्हे आहेत. वाद मिटला, खटला पुढे चालवायची इच्छा नाही, हे कुणाच्या दबावाशिवाय लिहितो आहे, एवढं पुरतं.

कलम न पाहता लोकअदालतीची वाट बघणं

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी पूर्वी कलम 320 मध्ये होती, आता ती 359 मध्ये आहे. साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी हे गुन्हे पक्षकार स्वतः मिटवू शकतात. फसवणुकीसारख्या गुन्ह्यात कोर्टाची परवानगी लागते. हे काम खालच्या कोर्टातच होतं, आणि असा गुन्हा मिटवला की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो. चेक बाऊन्सचंही तसंच. तिथे उशीर कराल तितका दंडवजा खर्च वाढतो.

498-अ, म्हणजे सासरी विवाहितेचा छळ (आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85), या यादीत नाही. हत्याराने दुखापतीचं जुन्या दंड संहितेतलं 324 एकेकाळी यादीत होतं, 2005 च्या दुरुस्तीने वगळलं गेलं. सोसायटीच्या पार्किंगवरून झालेल्या भांडणात कुणी रॉड उचलला की हेच कलम लागतं आणि मग सगळे चक्रावतात. यादीबाहेरचे गुन्हे लोकअदालतीच्या अधिकारातच येत नाहीत. त्यासाठी उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 (पूर्वीचं 482) खाली गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. 2003 च्या बी. एस. जोशी निकालाने वैवाहिक वादांत हा रस्ता उघडला आणि 2012 च्या ग्यान सिंग निकालाने त्याच्या मर्यादा आखल्या.

ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं म्हणून तिकडे चौकशी करू नका. सातारा, सांगली, सोलापूर तिथे जोडले गेले, पुणे नाही. आपल्याला मुंबईच. डेक्कन क्वीन सीएसएमटीला पोचते साडेदहाच्या सुमारास आणि कोर्ट बसतं साडेदहाला. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसच्या यादीत, नंबर वर असेल तर आदल्या रात्रीच गेलेलं बरं.

पैसे आणि सह्या यांचा क्रम चुकवणं

सगळ्यात जास्त रडारड इथे होते. परस्पर संमतीचा घटस्फोट फॅमिली कोर्टात, 498-अ उच्च न्यायालयात, घरगुती हिंसाचाराचा अर्ज आणि पोटगी तिसरीकडे. नवरा म्हणतो, केस रद्द होईपर्यंत एक रुपया देणार नाही. बायको म्हणते, रक्कम हातात आल्याशिवाय सही नाही. दोघांचंही बरोबर आहे, कारण दोन्ही बाजूंनी फसलेली माणसं आहेत. म्हणून रक्कम टप्प्यात बांधा: एक हिस्सा घटस्फोटाच्या पहिल्या अर्जावेळी, एक दुसऱ्या वेळी, आणि शेवटचा डीडी उच्च न्यायालयात संमतीचं प्रतिज्ञापत्र दाखल होताना. घटस्फोटाच्या या दोन अर्जांमधले सहा महिने माफ होऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं आहे. ती मागणी करायलाही लोक विसरतात. रोख देऊ नका. मामांच्या हस्ते तर नाहीच.

संमतीच्या अटींमध्ये प्रत्येक केसचा नंबर, कोर्ट आणि ती कशी संपणार हे लिहा. "सर्व केसेस मागे घेण्यात येतील" या एका वाक्यावर विसंबलात तर एखादा पोटगीच्या थकबाकीचा अर्ज मागे राहतो आणि वर्षभराने त्यातून वॉरंट निघतं. स्त्रीधनाची यादी वेगळी जोडा. आणि "आई मुलाची पोटगी कायमची सोडते" ही अट घालूच नका. तो हक्क मुलाचा आहे, आईने सोडून सुटत नाही.

पैसे घेऊन, घटस्फोट मिळवून कुणी नंतर संमती नाकारली तर? अशा प्रकरणांतही सर्वोच्च न्यायालयाने खटले रद्द केले आहेत. पण ते सिद्ध करायला कागद लागतात, आणि ज्यांनी सगळं तोंडी केलं त्यांच्याकडे नेमके तेच नसतात.

एकाच फिर्यादीची सही घेणं

मारामारीत तिघं जखमी, फिर्याद एकाने दिलेली आणि प्रतिज्ञापत्रही त्याचं एकट्याचं. कोर्ट पहिल्यांदा विचारणार, बाकीचे दोघं कुठे आहेत? सगळ्या जखमींची संमती जोडा. फ्लॅटच्या किंवा ठेवींच्या फसवणुकीत हे आणखी अवघड होतं. फिर्याद देणाऱ्याचे पैसे परत केले म्हणून उरलेल्या गुंतवणूकदारांचा गुन्हा मिटत नाही.

काहीही मिटतं असं समजणं

खून, बलात्कार, दरोडा यांत सहसा तडजोडीला जागा नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकावर अल्पवयीन विद्यार्थिनीच्या छेडछाडीचा गुन्हा होता. पालकांशी समझोता झाला, तिथल्या उच्च न्यायालयाने गुन्हा रद्दही केला, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. माझ्या मते योग्यच केलं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम (जुनं 307, नवं 109) मात्र मधलं आहे. जखम कुठे झाली, हत्यार कोणतं, खटला कुठल्या टप्प्यावर आहे, हे कोर्ट पाहतं; 2014 च्या नरिंदर सिंग निकालात याची चर्चा आहे. तपास चालू असताना गेलात तर आशा जास्त, साक्षी संपल्यावर कमी. मिटलं असेल तर दोन वर्षं थांबण्यात काहीच शहाणपण नाही.

"साक्षीत पलटतो, झालं"

हा व्हरांड्यातला सल्ला. साक्षीची पाळी यायला कित्येक वर्षं लागू शकतात, तोवर आरोपी तारखा खात राहतो, आणि शपथेवर खोटं बोलल्याबद्दल फिर्यादीवरच कारवाई होऊ शकते.

आदेश मिळाल्यावर गायब होणं

उच्च न्यायालयातला अर्ज प्रलंबित असताना खालच्या कोर्टाची तारीख चुकवू नका. स्थगिती मागून मिळाली नसेल तर तिथली केस चालूच असते. कोर्टाने एखाद्या संस्थेला रक्कम भरायला सांगितली असेल तर ती मुदतीत भरून पावती दाखल करा. मग प्रमाणित प्रत खालच्या कोर्टात आणि पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या. मुलगा परदेशी नोकरीला असेल आणि त्याच्यावर लुकआऊट सर्क्युलर, म्हणजे विमानतळावर अडवण्याची सूचना, निघालेलं असेल, तर गुन्हा रद्द झाला म्हणून ते आपोआप रद्द होत नाही. ज्या कार्यालयाच्या मागणीवरून ते निघालं, तिथे आदेशाची प्रत जोडून रद्द करण्याचा अर्ज करा आणि ते रद्द झाल्याची खात्री विमानाचं तिकीट काढण्याआधी करून घ्या.