स्पिनर जास्त वेळ फिरवायचा असेल तर

नवा फिजेट स्पिनर (बोटांत धरून फिरवायचं ते तीन पंखांचं खेळणं) टिचकी मारली की अर्ध्या मिनिटात थांबतो आणि मग लोक म्हणतात डुप्लिकेट निघाला. असेलही, पण बऱ्याचदा खरी गोम आतल्या बेअरिंगमध्ये असते. बहुतेक स्पिनरमध्ये ६०८ नंबरचं बेअरिंग असतं, स्केटच्या चाकात बसतं तेच, आतलं भोक ८ मिमी, बाहेरून २२ मिमी, जाडी ७ मिमी. चाकात माणसाचं वजन पेलायचं असतं म्हणून त्यात ग्रीस भरतात, इथे पेलायचं काहीच नाही, मग ते ग्रीस नुसता ब्रेक लावत बसतं.

तर आधी ते ग्रीस काढा. मधल्या दोन्ही कॅप उलट्या दिशेने पिळल्या की बऱ्याच स्पिनरच्या निघतात (काहींच्या नुसत्या दाबून बसवलेल्या असतात, ओढून काढा). बेअरिंगवर रबरी सील असेल तर टाचणीने कडेने अलगद उचला, पत्र्याचं झाकण असेल तर त्याला धरून ठेवणारी बारीक तारेची रिंग असते, तिचं टोक शोधून काढायचं, आणि ती टणकन उडते बरं का, हात आडवा धरा. छर्रे दिसले की छोट्या बाटलीत आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्यात बेअरिंग टाकून हलवा, घाण सुटेल, मग पूर्ण वाळू द्या. हे करताना जवळ गॅस, मेणबत्ती काही नको. कोरडं बेअरिंग सुसाट फिरतं पण खरखर आवाज करतं आणि गंजतंही, म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. स्वयंपाकाचं तेल अजिबात नको, काही दिवसांत चिकट होतं.

आता बॅलन्स. स्पिनर उभा धरा, चाकासारखा, आणि हळूच फिरवून सोडा. दर वेळी तोच पंख खाली येऊन थांबत असेल तर तो जड आहे, समोरच्या दोन पंखांना थोडी थोडी टेप लावा. वजन टोकाला का असतं तर मध्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की तेच वजन फिरवायला आणि थांबवायलाही चौपट अवघड होतं. म्हणून जड टोकांचा स्पिनर सुरू करायला जोर लागतो, पण एकदा पळाला की पळतो.

मजा मात्र किती मिनिटं फिरला यात नाहीच मुळी, असं माझं मत. जोरात फिरवून दोन बोटांत धरा आणि मनगट एकदम वाकवा, स्पिनर भलतीकडेच, आडवा ढकलतो. जायरोस्कोप म्हणतात तो हाच प्रकार. उलटा फिरवलात तर धक्काही उलट्या बाजूला. बोटांना ती हलकी झटापट लागते ना, म्हणूनच तो खाली ठेववत नाही. २०१७ मध्ये हे खूळ आलं तेव्हा याने लक्ष लागतं असं सांगून विकायचे, त्याला तसा भक्कम पुरावा नव्हता आणि कित्येक शाळांनी तर बंदीच घातली.

स्पीड मोजायचा असेल तर एका पंखावर मार्करने ठिपका द्या, नाहीतर तिन्ही पंख सारखेच दिसतात आणि एक तृतीयांश फेरीलाच आपण पूर्ण फेरी समजतो. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ काढा, ठिपका परत त्याच जागी यायला ८ फ्रेम लागल्या तर सेकंदाला ३० फेऱ्या, मिनिटाला १८००. सफाईच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा सारख्याच स्पीडपासून थांबेपर्यंतचा वेळ लावा, म्हणजे फरक बेअरिंगचा की तुमच्या टिचकीचा ते कळेल.

सुटे छर्रे आणि कॅप लहान पोरांच्या तोंडात जाऊ शकतात, काम झालं की लगेच उचला.