लॅब डेबियन १२ वरून १३ वर नेण्याआधी

गणपतीच्या सुट्टीत दादर-परळकडच्या कॉलेजांच्या लॅब रिकाम्या असतात, डेबियन या लिनक्स प्रणालीच्या अपग्रेडला तीच वेळ बरी. पण तयारी आदल्या आठवड्यात उरका. आधी ३२-बिट मशीन वेगळी काढा. १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलर नाही, कर्नलही (प्रणालीचा गाभा) नाही, त्यांना १२ वरच राहू द्या.

बाकीच्यांतलं एक मशीन आधी करून बघायला निवडा, शक्यतो सरांचं नको. त्यावर १२ चे सगळे अपडेट टाका, मग 'डीपीकेजी --ऑडिट' (डीपीकेजी म्हणजे पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे संच, बसवणारं साधन) चालवून अर्धवट बसलेलं पॅकेज आहे का ते पाहा. 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड'सुद्धा चालवाच. कधीकाळी कुणीतरी एखादी लायब्ररी होल्डवर (म्हणजे अपग्रेड होऊ नये म्हणून रोखून) टाकून गेलेलं असतं, त्याचं कारण कुणालाच आठवत नाही, आणि तिच्या नव्या आवृत्तीवर अवलंबून असलेली सगळी पॅकेजं तिच्यापायी अडतात. बाहेरच्या रिपॉझिटरी (पॅकेजांचे साठे) आणि बॅकपोर्ट्स (जुन्या डेबियनसाठी बनवलेल्या पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या) तात्पुरत्या बंद करा, तिथून काय काय घेतलं होतं तेही लिहून ठेवा.

बॅकअपमध्ये ईटीसी (सेटिंग्जचं फोल्डर) आणि डीपीकेजीचा डेटाबेस लोक घेतात, ॲप्टची (पॅकेजं आणून बसवणाऱ्या कमांडची) 'एक्स्टेंडेड_स्टेट्स' फाईल मात्र राहून जाते. कोणतं पॅकेज आपण मागितलं आणि कोणतं दुसऱ्याच्या गरजेपोटी आलं, हे तिच्यातच असतं. डिस्कवरची जागा पाहा, बूट पार्टिशनची विशेष.

आता सोर्सेसमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत) 'बुकवर्म'च्या (१२ चं नाव) जागी 'ट्रिक्सी' (१३ चं नाव) लिहा, 'ॲप्ट अपडेट' करा आणि 'फुल-अपग्रेड' आधी '-एस' लावून, प्रत्यक्ष काही न बदलता, नुसतं चालवून बघा. चहा घेऊन बसा, कारण काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी अक्षरशः ओळ न ओळ वाचायची आहे. एखादं मेटापॅकेज (दुसरी पॅकेजं ओढून आणणारं नुसतं यादीवजा पॅकेज) त्या यादीत दिसलं तर थांबा: ते गेलं की त्याच्याबरोबर आलेली पॅकेजं पुढच्या 'ऑटोरिमूव्ह'मध्ये (गरज न उरलेली पॅकेजं काढणारी कमांड) निघू शकतात. हवी असलेली 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल'ने खुणावून ठेवा. मराठी टायपिंगसाठी आयबस-एम१७एन वापरत असाल तर ते आणि लोहित फॉन्टही त्यात धरा.

पायथन ३.११ वरून ३.१३ वर जातं, म्हणजे मुलांची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रत्येक प्रकल्पाची वेगळी पायथन मांडणी) नव्यानं बनवावी लागतील. तशी नोटीस आत्ताच लावा. पोस्टग्रेस (डेटाबेस) १५ चा डेटा आपोआप १७ मध्ये जात नाही, त्याचा डंप (फाईलमधली पूर्ण प्रत) आधी काढा.

प्रत्यक्ष दिवशी आधी '--विदाउट-न्यू-पीकेजीज' लावून साधं 'अपग्रेड', मग 'फुल-अपग्रेड', मग रीबूट. 'ऑटोरिमूव्ह'ला घाई नको, मशीन दोन-चार दिवस वापरून झाल्यावर करा.