ड्रॅक्युलाच्या मागावर: रोमानिया, सर्बिया आणि व्हिएन्नाची सहल कशी आखावी

मी कोल्हापुरात पॅथॉलॉजिस्ट आहे. बरीच वर्षं शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभं राहून काढली आहेत. मला या प्रवासाला नेलं ते १७३२ सालच्या एका अहवालानं. ऑस्ट्रियन सैन्यातला एक शल्यचिकित्सक सर्बियातल्या एका खेड्यात गेला, गावकऱ्यांनी सांगितलेल्या कबरी उकरायला लावल्या आणि जे दिसलं ते प्रेतागणिक लिहून काढलं. व्हॅम्पायरच्या दंतकथेमागचा खरा इतिहास शोधायचा असेल, तर हा अहवाल निघण्याआधी वाचाच. त्याचा इंग्रजी अनुवाद नेटवर मिळतो आणि तासाभरात वाचून होतो.

सहल आखताना पहिलं काम म्हणजे तीन गोष्टी वेगळ्या करणं. एक, ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची १८९७ची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी. दोन, पंधराव्या शतकातला वालाखियाचा, म्हणजे आजच्या दक्षिण रोमानियाचा, राजा तिसरा व्लाद, ज्याच्या 'ड्रॅक्युला' या नावावरून कादंबरीला नाव मिळालं. तीन, अठराव्या शतकात सर्बियाच्या खेड्यांत कबरी उकरणारी घाबरलेली माणसं. या तिघांची गावं वेगळी, काळही वेगळे. टूर कंपन्या तिन्हींचा काला करून रोमानियातल्या ब्रानच्या किल्ल्यात वाढतात. तो खाऊन माणूस परत येतो आणि व्लाद रक्त प्यायचा असं सांगत सुटतो. त्याच्या शत्रूंनी त्याच्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय, पण मेल्यावर उठून रक्त पिणारा असं त्याच्या काळात कोणीही म्हटलेलं नाही.

दोन आठवडे हाताशी ठेवा. माझ्या मते क्रम असा असावा: बुखारेस्ट, तर्गोविश्ते, ब्राशोव, सिघिशोआरा, हुनेदोआरा, तिथून तिमिशोआरामार्गे बेलग्रेड, आणि शेवटी व्हिएन्ना. मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम. हॅलोविनला ब्रानला जत्रा भरते, ती टाळली तरी चालेल. रोमानियातल्या लोकांची स्वतःची भुताखेतांची रात्र वेगळी आहे, सेंट अँड्र्यूच्या सणाची, २९ नोव्हेंबरची. त्या रात्री स्त्रिगोय, म्हणजे कबरीतून परतणारे मृत, घरात शिरू नयेत म्हणून दारं-खिडक्यांना लसूण चोळायची जुनी रीत आहे.

व्हिसाचं आधीच नीट बघा. रोमानिया आता पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, सर्बिया नाही. भारतीय पासपोर्टवर सर्बियाचा व्हिसा लागतो, मात्र चालू शेंगेन व्हिसा असेल तर सवलत मिळते. नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी सर्बियाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा. सर्बियातून पुन्हा व्हिएन्नाला, म्हणजे शेंगेनमध्ये शिरायचं असल्यानं व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणाराच मागा.

बुखारेस्टमध्ये जुन्या वस्तीतला कुर्तेआ वेके, म्हणजे जुना राजवाडा, बाहेरून तरी बघाच. बुखारेस्टचा पहिला लेखी उल्लेख २० सप्टेंबर १४५९च्या दस्तऐवजात आहे आणि तो दस्तऐवज व्लादचा आहे. शहराच्या उत्तरेला स्नागोवच्या तळ्यातल्या बेटावर मठ आहे. व्लादला तिथे पुरलं असं परंपरा सांगते. १९३३मध्ये उत्खनन झालं, तेव्हा त्याची म्हणून दाखवली जाणारी कबर उघडली, तर खाली जनावरांची हाडं निघाली. अर्धा दिवस पुरतो. चालत पुलावरून बेटावर जाता येतं.

तर्गोविश्तेला मात्र घाई करू नका. ही व्लादची राजधानी. राजवाड्याच्या अवशेषांतून फिरा आणि चिंदिया बुरूज चढा. २७ मीटर उंचीचा हा बुरूज व्लादनं बांधून घेतला, एकोणिसाव्या शतकात त्याची डागडुजी झाली. वरून सपाट मुलूख दिसतो आणि १४६२चा उन्हाळा डोळ्यांपुढे मांडणं सोपं जातं. त्या वर्षीच्या ११ फेब्रुवारीला व्लादनं हंगेरीच्या राजाला पत्र लिहिलं. तुर्कांविरुद्धच्या डॅन्यूबकाठच्या मोहिमेत आपण २३,८८४ माणसं मारली, शिवाय घरांत जळालेली वेगळी, असा हिशेब त्यात आहे. त्यावर तुर्कांचा सुलतान दुसरा मेहमद, ज्यानं नऊ वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपल घेतलं होतं तोच, सैन्य घेऊन चालून आला. १७ जूनच्या रात्री व्लादनं त्याच्या छावणीवर छापा घातला. सुलतानाला गाठायचं होतं, पण त्याचा तंबू सापडला नाही. पुढे तर्गोविश्तेजवळ मेहमदला सुळावर चढवलेल्या माणसांचं रान दिसलं. ग्रीक इतिहासकार खाल्कोकोंडिलिस आकडा २० हजारांचा देतो. मध्ययुगीन आकडे जपूनच घ्यावेत, पण दहशत हे त्याचं हत्यार होतं याबद्दल सगळ्या बाजूंचे लिहिणारे एकमत आहेत.

हा माणूस असा का झाला, याचा एक धागा लक्षात ठेवा. १४४२मध्ये वडिलांनी व्लादला आणि धाकट्या भावाला, राडूला, तेव्हाच्या तुर्की सुलतानाकडे ओलीस ठेवलं होतं. १४४७मध्ये वडील मारले गेले. राडू पुढे तुर्कांच्या बाजूनं उभा राहिला आणि १४६२मध्ये व्लादच्या जागी गादीवर बसला.

ब्राशोवला मुक्काम करा. चौकातल्या ब्लॅक चर्चमध्ये जाताना बहुतेकांची नजर ऑर्गनकडे जाते. तुम्ही कठड्यांवर आणि भिंतींवर टांगलेले गालिचे बघा. लाल-पिवळे, कडा झिजलेले, ओट्टोमान मुलखात, अनातोलियात विणलेले. ब्राशोवच्या जर्मन बोलणाऱ्या सॅक्सन व्यापाऱ्यांनी ते चर्चला अर्पण केले. मी त्यांच्यासमोर बराच वेळ उभी होते, कारण व्लादची अर्धी गोष्ट त्या लोकरीत आहे. हे व्यापारी वालाखियातून तुर्की बाजारपेठेशी व्यवहार करत होते. व्लादला तो व्यापार आपल्या ताब्यात हवा होता आणि आपल्या गादीवर डोळा असलेल्यांना सॅक्सनांनी आसरा देणं त्याला खपत नव्हतं. त्यानं त्यांच्या गावांवर धाडी घातल्या, माणसं सुळावर दिली. मग त्याच्या क्रौर्याच्या कथा जर्मनमध्ये पसरल्या, आणि नुकत्याच आलेल्या छापखान्यांनी त्या उचलल्या. १४९९मध्ये न्यूरेंबर्गला छापलेल्या पुस्तिकेवरचं लाकडी ठशाचं चित्र प्रसिद्ध आहे: सुळावरच्या माणसांच्या रांगेपुढे व्लाद जेवायला बसलाय आणि शेजारी एक माणूस प्रेतांचे तुकडे करतोय. त्याच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी छापलेलं हे चित्र आजही अर्ध्या दुकानांत विकायला असतं.

ब्रान ब्राशोवहून तीसेक किलोमीटरवर. बार्तोलोमेउ भागातल्या स्थानकातून बस मिळते. सकाळी लवकर पोहोचा. सोमवारी किल्ला उशिरा उघडतो. १३७७मध्ये हंगेरीच्या राजानं ब्राशोवच्या सॅक्सनांना तो बांधायची परवानगी दिली, खिंडीवर आणि जकातीवर लक्ष ठेवायला. व्लाद इथे राहिल्याचा पुरावा नाही आणि स्टोकर तर रोमानियात आलाच नव्हता. मग इथे बघायचं काय? रोमानियाची राणी मेरी. १९२०मध्ये ब्राशोवनं हा किल्ला तिला भेट दिला आणि तिनं त्याचं घर केलं. आतली पांढरी, बुटक्या छताची, लाकडी सामानाची खोली न् खोली तिच्या आवडीची आहे. १९४८मध्ये कम्युनिस्ट सरकारनं किल्ला जप्त केला, २००६मध्ये तो वारसांना परत मिळाला. मेरीसाठी ब्रान बघा, तो आवडेल.

खरा किल्ला हवा असेल तर पोयेनारी. कुर्तेआ दे आर्जेशच्या पुढे, दरीच्या तोंडावर, १४८० पायऱ्या चढून. व्लादनं तो पुन्हा उभा केला. १८८८मध्ये त्याचा काही भाग दरीत कोसळला. दुरुस्तीमुळे किंवा अस्वलांमुळे पायऱ्या बंद असतात, म्हणून गाडी ठरवण्याआधी चौकशी करा. त्या भागात अस्वलं रस्त्याकडेला येऊन बसतात. काच खाली करू नका, खायला घालू नका.

सिघिशोआराला व्लादचा जन्म झाला असं मानतात, १४३१च्या सुमारास. त्याचे वडील राहत ते पिवळं घर घड्याळाच्या मनोऱ्याजवळ आहे, आत रेस्टॉरंट आहे. संध्याकाळी पर्यटकांच्या बसगाड्या गेल्यावर १६४२चा झाकलेला लाकडी जिना चढा. टेकडीवरच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना पाऊस-बर्फ लागू नये म्हणून तो बांधला होता. २००१मध्ये या गावाजवळच्या जुन्या ओकवनात ड्रॅक्युला थीम पार्क उभारायचं ठरलं होतं. लोकांनी विरोध केला आणि ते बारगळलं. त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट इथेच सांगते. रोमानियन ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास वर्षभर चालू असतात, त्यात मांस, दूध, अंडी वर्ज्य. हॉटेलात 'दे पोस्त' काय आहे असं विचारा. फासोले बाटुटा, म्हणजे घोटलेल्या पांढऱ्या घेवड्यावर परतलेला कांदा, आणि झाकुस्का, म्हणजे वांगं-मिरचीची पाव-चटणी, हे पोटभर होतं. मामालिगा ही मक्याच्या पिठाची उकड आहे, आपल्या जिभेला लगेच पटते. काही उपासांना मासे चालतात, तेवढं विचारून घ्या.

हुनेदोआराचा किल्ला हा हंगेरीचा सेनापती यानोश हुन्यादी याचा. व्लादच्या वडिलांचा काटा यानंच काढला, आणि पुढे व्लाद त्याच्याच आश्रयाला गेला. १४५६मध्ये हुन्यादीनं बेलग्रेड तुर्कांपासून वाचवलं आणि काही दिवसांतच तिथल्या झेमुनला प्लेगनं गेला. त्याच वर्षी व्लाद गादीवर आला. म्हणून रोमानियाहून बेलग्रेडला जाणं हे वाकडी वाट करणं मुळीच नाही.

आता माझ्या जवळचा भाग. बेलग्रेडहून डॅन्यूबच्या कडेनं पूर्वेला दीड-दोन तासांवर किसिल्येवो आहे. १७२५मध्ये इथे पेटर ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला आणि आठ दिवसांत नऊ जण दगावले, प्रत्येक जण जेमतेम दिवसभर आजारी. मरताना ते म्हणाले, पेटर झोपेत येऊन गळा दाबतो. गावानं ऑस्ट्रियाच्या शाही अधिकाऱ्याला बोलावलं. आधी वरिष्ठांना कळवायला हवं असं तो म्हणाला, तर 'मग आम्ही गाव सोडतो' असं बजावलं. शेवटी त्याच्यादेखत कबर उघडली. बातमी व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापून आली.

गाव साधं आहे. रस्ता, कौलारू घरं, मका. माझा भाचा गाडी चालवत होता. तो म्हणाला, "मावशी, एवढ्या लांबून हे बघायला आलो?" मी त्याला उतरवलं आणि मोबाइलवरचा अहवाल मोठ्यानं वाचायला लावला. तुम्हीही तसंच करा. मात्र दफनभूमीत कॅमेरा काढू नका, 'व्हॅम्पायरची कबर कुठे' असं कुणाला विचारू नका. तिथे आजच्या लोकांची आई-वडील पुरलेली आहेत. जवळच नदीकाठी गोलुबात्सचा किल्ला आहे, फोटोंची हौस तिथे फेडा.

मी सुरुवातीला म्हटलेला अहवाल त्यानंतर सात वर्षांनी, दक्षिणेकडच्या मेद्वेजा गावात लिहिला गेला. तीन महिन्यांत सतरा माणसं गेली होती. त्या शल्यचिकित्सकानं, योहान फ्ल्युकिंगरनं, जानेवारीत कबरी उघडल्या. त्यानं लिहिलं: छातीच्या पोकळीत पातळ रक्त, आतले अवयव ताजे, हातापायांची जुनी कातडी नखांसकट गळून खाली नवी. तो खोटं बोलत नव्हता. प्रेत फुगतं तेव्हा पोटातल्या वायूच्या दाबानं तांबडंकाळं द्रव नाका-तोंडातून येतं. गोठलेलं रक्त पुन्हा पातळ होऊ शकतं. वरची त्वचा नखांसह सुटते आणि खालचा ओलसर थर नवा वाटतो. व्हॅम्पायर समजून प्रेताच्या छातीत लाकडी खुंटा ठोकत, तेव्हा कोंडलेला वायू घशातून बाहेर पडला की कण्हल्यासारखा आवाज येतो. थंडीत पुरलेलं प्रेत आठवडेच्या आठवडे टिकतं. हे सगळं मी पाहिलेलं आहे. त्या गावकऱ्यांना वेडगळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. साथ कशानं आली हे सांगणारं त्यांच्याकडे कोणी नव्हतं, आणि पोरंबाळं डोळ्यांदेखत जात होती.

मेद्वेजाला मुद्दाम जायची गरज नाही, वेळ असेल तरच. त्याऐवजी बेलग्रेडच्या कालेमेगदान किल्ल्यात अर्धा दिवस घालवा. १७१८ ते १७३९ इथे ऑस्ट्रियाची सत्ता होती, म्हणूनच हे अहवाल लिहिले गेले आणि जपले गेले.

व्हिएन्नात मारिया थेरेसिया चौकातल्या त्याच नावाच्या ऑस्ट्रियन राणीच्या भव्य पुतळ्याभोवती उभ्या असलेल्या माणसांत गेरार्ड व्हान स्वीटेन शोधा. राणीचा वैद्य. १७५५मध्ये मोराविया-सायलेशियाच्या बाजूला एका बाईचं प्रेत उकरून जाळल्यावर राणीनं त्याच्याकडे अहवाल मागितला. त्यानं हा भ्रम आहे असं स्पष्ट लिहिलं आणि राणीनं स्थानिक लोकांना परस्पर कबरी उकरायला मनाई केली. मग जोसेफिनुमला जा. सैन्यातले शल्यचिकित्सक घडवायला १७८५मध्ये उघडलेल्या या संस्थेत फ्लॉरेन्सहून करवून आणलेले मेणाचे शरीररचनेचे नमुने आहेत: स्नायू, शिरा, आतडी, सगळं रंगासकट. आठवड्यातले मोजकेच दिवस ते उघडं असतं, त्यामुळे परतीचं तिकीट त्या दिवसांकडे बघून काढा.