घोड्यांत सर्रा आला की या चुका टाळा

पावसाळा सरत आला की एक फोन हमखास येतो, डॉक्टर, घोडी खाते नीट पण खाल्लेलं अंगी लागत नाही. तोवर मालकाने जंताचं औषध पाजून झालेलं असतं, वर टॉनिकही, आणि पंधरा दिवस गेलेले असतात. अहो, हा सर्रा असू शकतो, म्हणजे माशीमुळे पसरणारा, रक्तातल्या जंतूचा आजार, तेव्हा आधी थर्मामीटर लावा, आणि एकदा नाही, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लावून वहीत लिहा. ताप येतो-जातो-येतो असं दिसलं की पापणी उलटून बघा, आत पिनेच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत का, आणि पोटाखाली सूज असेल तर बोट दाबा, खड्डा तसाच राहतो का बघा.

दुसरी चूक आमच्याच लोकांची, जनावरांच्या डॉक्टरांची. ताप उतरल्यावर रक्त घ्यायचं आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला की सर्रा नाही म्हणून मोकळं व्हायचं. हा जंतू, ट्रायपॅनोसोमा इव्हान्सी, आपलं वरचं आवरण बदलत राहतो, शरीर एका रूपाला ओळखून मारेपर्यंत दुसरं रूप तयार, म्हणून तर ताप लाटांसारखा येतो आणि जंतू रक्तात सापडतो तो बहुतेक तापाच्या दिवशी. ताजा थेंब काचेवर घेतला की आधी जंतू दिसत नाही, लाल पेशी उगाच धक्के खाताना दिसतात, मग त्यांच्यामधून काहीतरी वळवळत जातं. (1880 साली डेरा इस्माईल खानला ग्रिफिथ इव्हान्सने घोड्याउंटांच्या रक्तात हेच पाहिलं होतं.) नाही दिसला तर परत परत बघा, आणि एलायझासाठी (जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं शोधणारी चाचणी) सॅम्पल पाठवा, हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहेच की.

आता माशी. सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. लोक रात्री तबेल्यात धूर करतात, डासांचा स्प्रे मारतात, पण सर्रा पसरवणारी मुख्य माशी टॅबॅनस, कुणी डांस म्हणतं कुणी गोमाशी, ती दिवसाउजेडी चावते, उन्हात, पाणवठ्याजवळ. तिचा चावा इतका दुखतो की घोडा शेपटीने हाकलतोच, मग ती अर्धवट पोटाने उठून शेजारच्या घोड्यावर बसते आणि तोंडाला लागलेलं ओलं रक्त तिथे देते. जंतू तिच्या अंगात वाढत नाही, तोंडावर थोडाच वेळ टिकतो, म्हणून खरा धोका शेजारच्याला. आजारी जनावर दोनेकशे मीटर लांब नेऊन बांधलं तरी बराच फरक पडतो, आणि बाकीच्यांना दुपारी जाळी लावलेल्या अंधाऱ्या तबेल्यात ठेवा, चरायला उन्हं उतरल्यावर सोडा.

माशीचं काम सुईही करते. सांगायला लाज वाटते, पण शिकत असताना एका शिबिरात मीही एकाच सुईने सात घोड्यांना टोचलंय.

बरं, घोड्याला आला कुठून हे शोधताना सगळे घोडेच मोजतात, बांधापलीकडची म्हैस कुणी बघत नाही. गाई-म्हशीत हा जंतू काही न दाखवता महिनोन्महिने राहू शकतो, त्यामुळे आजूबाजूच्या गुरांचंही रक्त तपासा. मेलेलं जनावर उघड्यावर टाकू नका, ताजं मांस खाऊन कुत्र्यांना लागण होते. माणसाला सहसा होत नाही, पण 2004 मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याला झाला होता, तेव्हा रक्त हाताळताना ग्लोव्हज घाला.

औषधात चूक म्हणजे अंदाजे डोस. क्विनापायरामिन, म्हणजे सर्रावरचं इंजेक्शन, घोड्याच्या वजनावर द्यायचं असतं, वजन पट्टीने मोजा, कमी पडलं तर जंतू दबतो, मरत नाही, आणि पुढे त्या औषधाला दाद देत नाही. इंजेक्शनच्या जागी सूज येते, घाम-लाळ सुटते, तेव्हा लगेच कामाला जुंपू नका, सीझन असला तरी. आणि महिना-दोन महिन्यांनी घोडा मागचे पाय ओढायला लागला तर पायाला मालिश करत बसू नका, जंतू मेंदूपर्यंत गेलेला असू शकतो आणि तिथे हे औषध पोचत नाही, लगेच डॉक्टरला बोलवा.