डायनामो काढून अल्टरनेटर बसवताय? आधी बल्ब बघा

गेल्या हंगामात आमच्या जुन्या ट्रॅक्टरचा बॅटरी चार्ज करणारा डायनामो काढून मी स्वतः त्याच कामाचा अल्टरनेटर बसवला. तिसऱ्याच रात्री कारखान्याच्या केनयार्डात, नंबरात उभं असताना, डिझेल वाचवायला म्हणून इंजिन बंद केलं. तासाभरानं सेल्फ मारला तर नुसतं टक्. मागं उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या, म्हणजे ढकलायचा प्रश्नच नाही. ट्रॉल्या सोडल्या, पुढच्यानं साखळी लावून ओढला, तेव्हा चालू झाला. तोवर मागच्या रांगेनं माझा जो उद्धार केला तो इथं लिहिण्यासारखा नाही. कारण निघालं डॅशबोर्डावरचा उडालेला एक छोटा बल्ब.

काम काढण्याआधी सामान गोळा करा. पाने, टेप, मल्टीमीटर हे घरात असतंच. वायर मात्र जुनी वापरू नका. डायनामो मोठा झाला तरी वीस-बावीस अँपिअरचा, अल्टरनेटर सहज पस्तीस-छत्तीस देतो. चार्जिंगच्या मुख्य वायरीला निदान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या, टोकांना थिंबल (बोल्टाखाली बसणारं धातूचं टोपण) दाबून बसवा. पिळून टेप गुंडाळलेला सांधा ट्रॅक्टरच्या हादऱ्यात महिनाभरही टिकत नाही. आणि बल्ब घ्या. १२ व्होल्टचा, दोन-तीन वॅटचा, आत तार असलेला साधा बल्ब. एलईडी नको, का ते पुढं येईल. दोन घ्या.

बॅटरीचं टर्मिनल सोडायचं हे सांगायला नको. पण सोडण्यापूर्वी बॉडीला कुठलं टोक लावलंय ते बघा. जुन्या ब्रिटिश घडणीच्या बऱ्याच ट्रॅक्टरांवर प्लस बॉडीला असायचा. डायनामोला ते चालायचं. अल्टरनेटरला मायनसच बॉडीला लागतो, उलटं जोडलंत तर आतले डायोड त्याच क्षणी जातात आणि दुकानदार परत घेत नाही. प्लस बॉडीला असेल तर बॅटरी फिरवून घ्या आणि अ‍ॅमीटरच्या (करंट दाखवणाऱ्या मीटरच्या) दोन वायरी अदलाबदल करा, नाहीतर काटा उलटा पळेल. फील्ड कॉइलवाल्या (आत कायमचं चुंबक नसलेल्या) सेल्फला काही फरक पडत नाही.

डायनामोचं चार्जिंग सांभाळणारा जुना कटआउटचा डबा सर्किटमधून पूर्ण बाहेर काढायचा. 'राहू दे, अडचण नाही करत' असं म्हणू नका, करतो. अल्टरनेटरचा रेग्युलेटर त्याच्या पोटातच असतो. डब्यावरच्या वायरी काढताना प्रत्येकीला कागदी टेप लावून तिचं अक्षर लिहा: ए, डी, एफ, ई. मी लिहिलं नव्हतं, दुपार गेली.

आता बसवण्याचं. अल्टरनेटर डायनामोपेक्षा आखूड असतो, त्यामुळं ब्रॅकेटमध्ये बुश घालावी लागते. पुली पंख्याच्या पुलीशी सरळ रेषेत आहे का ते दोरी लावून बघा. पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबला की साधारण एक सेंटिमीटर दबावा. ब्रॅकेटवरचा रंग बोल्टाखाली खरवडून काढा, अर्थ तिथूनच मिळतो.

अल्टरनेटरच्या मोठ्या टर्मिनलची, म्हणजे बी प्लसची, जाड वायर थेट सेल्फच्या मोठ्या बोल्टावर, जिथं बॅटरीची केबल येते तिथं. जुन्या अ‍ॅमीटरमधून नेऊ नका, तीस अँपिअरचं मीटर ते किती दिवस सोसणार?

आणि बारीक वायर. हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. किल्लीच्या स्विचकडून बल्ब, बल्बकडून अल्टरनेटरच्या बारीक टर्मिनलवर. त्यावर आयएनडी, एल किंवा डी प्लस लिहिलेलं असतं. शेजारी डब्ल्यू असेल तर ते आरपीएम मीटरचं, त्याला हात लावू नका. माझी समजूत अशी होती की बल्ब नुसता दाखवायला आहे. डायनामोवर तसंच होतं, त्याच्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं, तो आपलं आपण उठतो, म्हणजे वीज बनवायला लागतो, बल्ब गेला तरी बॅटरी भरते. आमच्या डॅशबोर्डावरचा बल्ब कित्येक वर्षं उडालेला होता आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. अल्टरनेटरला मात्र उठायला सुरुवातीचा करंट त्या बल्बातूनच मिळतो. बल्ब नाही तर करंट नाही, करंट नाही तर चार्जिंग नाही. एलईडीतून तेवढा करंट जात नाही, म्हणून ती नको. कधीकधी जोरात रेस दिली की तो तसाच उठतोही, आणि तिथंच फसगत होते. मी घरी रेस देऊन मीटर लावलं, आकडा बरोबर आला, खूश झालो. कुठलाही आवाज नाही, वास नाही, आणि डिझेल इंजिनाला एकदा चालू झाल्यावर बॅटरी लागत नाही, त्यामुळं दोन दिवस कळलंसुद्धा नाही. हेडलाइट मंद झाले तेव्हा मी काचा पुसत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या बॅटरीवाल्या काकांनी बोनेट उघडलंच नाही. किल्ली फिरवली, डॅशबोर्डाकडं बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, लाल दिवा कुठाय?"

होल्डरही बघा. दोन वायरींचा हवा. बॉडीवरच अर्थ होणारा होल्डर घातलात तर बल्ब छान पेटेल आणि अल्टरनेटरला काहीच मिळणार नाही.

तपासणी: किल्ली चालू, इंजिन बंद, बल्ब पेटलाच पाहिजे. नाही पेटला तर बारीक वायर अल्टरनेटरवरून काढून बॉडीला टेकवा. पेटला तर वायर आणि बल्ब ठीक, बिघाड आत, बहुधा ब्रश. तरीही नाही पेटला तर बल्ब किंवा वायर. मग इंजिन चालू करा, बल्ब विझला पाहिजे. बॅटरीवर मीटर लावा: बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय, बॅटरी उकळण्याआधी बंद करा.

इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून 'चार्जिंग बघायची' जुनी खोड इथं चालणार नाही, डायोड जातात. ट्रॉलीच्या हुकाला वेल्डिंग करताना बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हींच्या वायरी सोडा.

वायरी सायलेन्सरपासून लांब बांधा. बॅटरीचं पाणी बघा. दुसरा बल्ब टूलबॉक्समध्ये टाका, चिंधीत गुंडाळून, नाहीतर पान्याखाली फुटतो. माझा फुटलाय, उद्या आणायचाय.