घरात दिव्यांग माणूस असेल तर आधी एक वही करा

माझा धाकटा भाऊ 19 वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे त्याला, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही. आम्ही नाशिकला, सिडकोत राहतो. इतकी वर्षं आई म्हणायची, "त्याचं मलाच जमतं." आणि खरंच दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं, घोळ तिथेच होता. मागच्या हिवाळ्यात तिची कंबर धरली, उठता येईना, तेव्हा कळलं की बाबांना त्याला पाणी पाजायचं कसं हेसुद्धा माहीत नाही, मी पाजलं तर ठसका लागला.

म्हणून आधी वही. आईला लिहायला बसवू नका, ती म्हणणार त्यात काय लिहायचंय. ती करत असताना शेजारी उभं राहून तुम्ही लिहा. आमच्या वहीत असं आहे: पाणी चमच्याने, मान किंचित पुढे, मागे गेली की ठसका. एक घोट गिळला की मगच पुढचा. पँट घालताना कडक पाय आधी, काढताना शेवटी. दोनदा "हूं" म्हणजे बाथरूम. गोळ्या, वेळा, फिट आली तर काय करायचं ते पहिल्या पानावर लाल पेनने, आणि हे पान डॉक्टरांना दाखवून घ्या.

मग हळूहळू हातात घ्या. आधी आई घरात असताना एक तास, पण ती आतून सूचना देत बसते म्हणून ते खरं नाही धरायचं. तिला बाहेर काढा. आमची आई शेजारच्या काकूंबरोबर रविवारी मिसळ खायला गेली आणि तासाभरात तीन फोन केले, तिसरा मी उचललाच नाही, घरी आल्यावर बोलणी खाल्ली. पुढच्या रविवारी एकच फोन. आता तिचा रविवार ठरलेलाय, पाहुणे आले तरी.

उचलताना व्हीलचेअरचा ब्रेक आधी, पाय फाकवून गुडघ्यात वाकायचं, माणूस अंगाजवळ घ्यायचा, आणि कमरेतून पिळायचं नाही. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, घरातल्या सगळ्यांनी.

कागदपत्रं दुसऱ्या कुणाकडे तरी द्या, आमच्याकडे बाबांकडे आहेत. मूल 18 चं झालं की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत घरातल्या दिव्यांग माणसासाठी (1961 च्या कायद्यात कलम 80डीडी) 75 हजारांची वजावट मिळते, 80 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सव्वा लाख. बाबांनी ती कितीतरी वर्षं घेतलीच नव्हती, विचारलं तर म्हणे कुणी सांगितलंच नाही.

आणि घरातली दुसरी मुलं. मला बारावीपर्यंत सगळे म्हणायचे "तू समजूतदार आहेस", म्हणजे माझी कुरकुर बंद. त्यांनाही वैतागू द्या ना. फारच जड झालं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

वही फ्रिजला दोरीने बांधलीये. परवा पाहिलं तर पाण्याच्या पानावर आईने पेन्सिलने लिहून ठेवलंय: "हे चमचा फार भरतात."